चौकातून कॅसेटमध्ये: तुळजापूरच्या देवीगीतांच्या ध्वनिमुद्रणाचा इतिहास

धाराशिव जिल्ह्यातील देवीगीतांची परंपरा प्रामुख्याने दोन ठाण्यांभोवती वाढली. एक बालाघाटाच्या डोंगरातले तुळजापूर, दुसरे कळंब तालुक्यातले येरमाळा. तुळजाभवानी ही महाराष्ट्रातल्या असंख्य घराण्यांची कुलस्वामिनी. शारदीय नवरात्र, त्यानंतरची अश्विन पौर्णिमा आणि पौषातले शाकंभरी नवरात्र या काळात तुळजापुरात महाराष्ट्राबरोबर कर्नाटक आणि तेलंगणातूनही भाविक येतात. अश्विन पौर्णिमेला तर सोलापूरच्या बाजूने पायी येणाऱ्यांनी रस्ते भरून जातात. येरमाळ्याच्या येडेश्वरीची मोठी यात्रा चैत्र पौर्णिमेला भरते आणि चुनखडी वेचण्याचा विधी हे तिचे वैशिष्ट्य आहे. या यात्रांमध्ये, घरोघरच्या जागरणांत आणि लग्नानंतरच्या गोंधळांत जे गायले जात असे, ते विसाव्या शतकात आधी तबकडीवर, मग फितीवर आणि शेवटी मोबाइलच्या कार्डावर गेले. प्रत्येक माध्यमाने गाण्याची लांबी, त्यातली वाद्ये आणि गाणाऱ्याचे स्थान बदलले. ऐकणाऱ्याने मात्र नवे गाणे जोखण्यासाठी वापरलेली मोजपट्टी बहुतांशी जुनीच, गोंधळाच्या चौकातली राहिली.

गोंधळ आणि आराधी गाणे

गोंधळाची परंपरा बरीच जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथात ‘गोंडली’ नावाच्या नृत्याचे वर्णन येते आणि अभ्यासकांनी त्याचा संबंध गोंधळाशी जोडला आहे. ही कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. उमरग्यापासून ते फार लांब नाही. गोंधळ्यांत कदमराई आणि रेणुराई असे दोन मोठे भेद आहेत. कदमराई तुळजाभवानीचे उपासक, तर रेणुराई माहूरच्या रेणुकेचे. गोंधळी हे परंपरेने फिरस्ते. कोणत्या गावात कोणत्या घरी गोंधळ घालायचा हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असे.

गोंधळाचा क्रम ठरलेला असतो. पाटावर किंवा चौरंगावर नवे वस्त्र अंथरून धान्याचा चौक भरतात, त्यावर कलश आणि नारळ ठेवतात, भोवती उसाची किंवा ज्वारीची धाटे उभी करून वर बांधतात आणि दिवटी पेटवतात. मग नायक देवांना आवतण देतो. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा अशी एकेका ठाण्याची नावे घेऊन त्या त्या देवाला गोंधळाला बोलावले जाते. पूर्वरंगात गण, आवतण आणि देवीची पदे होतात. उत्तररंगात आख्यान लागते. आख्यान एकटा नायक सांगत नाही. साथीदार मध्येच प्रश्न विचारतो, चेष्टा करतो, शेवटचा शब्द उचलून धरतो आणि कथा पुढे सरकते. रात्रभर चाललेला गोंधळ पहाटे आरतीने संपतो. परभणीच्या राजारामभाऊ कदमांसारख्या गोंधळ्यांनी ही आख्याने विसाव्या शतकात शहरी रंगमंचावरही नेली.

या गाण्याचा कणा म्हणजे संबळ. हे दोन भांड्यांचे जोडवाद्य कमरेशी किंवा गळ्यात बांधून उभ्याने वाजवतात. लहान, चढ्या आवाजाच्या भांड्याला जिल आणि मोठ्या, खर्जाच्या भांड्याला धूम म्हणतात. वादन दोन छड्यांनी होते आणि त्यांतल्या एकीचे टोक वाकवलेले असते. जिलेचा कोरडा, टणत्कारी आवाज गर्दीतून दूरवर जातो. धूम त्याला खाली घुमारा देते. सोबत तुणतुण्याची एकच तार अखंड छेडली जाते आणि झांज ठेका धरते. या मेळात पेटी नाही, म्हणून स्वर बांधून देणारे वाद्यही नाही. गाणारा आपल्या गळ्याच्या सोयीने पट्टी धरतो आणि रात्र चढेल तसा वर जातो.

आराध्यांचे गाणे याहून वेगळे. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी आणि जोगव्याची झोळी घेतलेले आराधी आणि आराधिणी देवीची सेवा म्हणून गातात. धाराशिव, लातूर आणि सोलापूर या पट्ट्यात आराधी मेळे गावोगाव आहेत आणि त्यांत बायकांचा वाटा मोठा आहे. एक जण ओळ सांगते, बाकीच्या ती झेलतात. साथीला संबळ, तुणतुणे, झांज आणि काही ठिकाणी चौंडके असते. गोंधळ्याकडे आख्यान आहे. आराधिणीकडे छोटी, फिरून फिरून येणारी पदे आहेत. अंगात आलेल्या बाईभोवती, पोत पेटलेला असताना किंवा देवीच्या वाटेवर चालताना म्हणायची ही गाणी असल्याने त्यांचा ठेका चालीला आणि नाचाला सोयीचा असतो. पुढे ध्वनिमुद्रणाच्या बाजारात आख्यानापेक्षा ही पदे लवकर का शिरली, याचे कारण या रचनेत आहे.

तबकडीची तीन मिनिटे

भारतात व्यापारी ध्वनिमुद्रणाला १९०२ साली कलकत्त्यात सुरुवात झाली. ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने तेथे गौहरजानचे गाणे मुद्रित केले. काही वर्षांतच कलकत्त्यात तबकड्यांचा कारखाना निघाला आणि ‘हिज मास्टर्स व्हॉइस’चे कुत्र्याचे चित्र देशभर पोचले. मराठीत सुरुवातीची मोठी मागणी नाट्यपदांना होती. १९३०च्या दशकात भावगीत आले. देवीची पदे, भारुडे आणि लावण्या यांनाही तबकड्यांत जागा मिळाली, पण त्या गाणाऱ्यांत चौकात उभा राहणारा गोंधळी क्वचितच असे. कंपन्यांचे कामकाज मुंबईत होते आणि गायक-वादक बहुधा शहरातल्या रंगभूमीवरून किंवा मेळ्यांतून निवडले जात.

७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन मिनिटांच्या आसपासच गाणे बसे. रात्रभराच्या गोंधळातून तीन मिनिटे उचलायची तर आवतण, संवाद आणि आख्यान गळणार हे उघड होते. उरले ते धृपद आणि दोन-तीन कडवी. १९२५च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण येईपर्यंत गायकाला कर्ण्यात तोंड घालून गावे लागे आणि मोठ्या आवाजाची चर्मवाद्ये कर्ण्यापासून लांब बसवावी लागत. अशा खोलीत संबळाचे काय होणार! त्याच्या जागी तबला किंवा ढोलकी आली, स्वर धरायला पेटी आली आणि देवीचे गाणे पट्टीत बसवले गेले. मायक्रोफोन आल्यावरही स्टुडिओची ही घडी बराच काळ तशीच राहिली.

धाराशिव परिसरात तबकड्यांचा प्रसार उशिरा झाला. सप्टेंबर १९४८च्या पोलीस कारवाईपर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि जिल्ह्याचे उस्मानाबाद हे नाव शेवटचा निजाम मीर उस्मान अली खान याच्यावरून पडले होते. संस्थानाची नभोवाणी केंद्रे हैदराबाद आणि औरंगाबाद येथे होती. १९५६मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६०मध्ये महाराष्ट्रात. या काळात खेड्यातल्या माणसाला मुद्रित गाणे ऐकू येई ते घरच्या फोनोवर फारसे नाही, तर लग्नात किंवा जत्रेत आलेल्या लाउडस्पीकरवाल्याच्या भोंग्यातून. पुढे ट्रान्झिस्टर आला आणि आकाशवाणीच्या लोकसंगीताच्या कार्यक्रमांतून गोंधळ, जोगवा, भारुड घरात ऐकू येऊ लागले. शाहीर साबळे यांच्या ‘महाराष्ट्राची लोकधारा’ने हेच प्रकार रंगमंचावर एका माळेत गुंफले. तिथेही प्रत्येक प्रकाराच्या वाट्याला मोजकाच वेळ येई.

कॅसेटचे युग

फिलिप्स कंपनीने १९६३मध्ये कॉम्पॅक्ट कॅसेट बाजारात आणली. भारतात तिचा खरा प्रसार १९७०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाला. आखातात कामाला गेलेल्यांनी टू-इन-वन आणले, आयातीची बंधने सैल झाली आणि देशातही टेपरेकॉर्डर व कोऱ्या कॅसेट बनू लागल्या. तबकडी काढायला कारखाना लागे. कॅसेटच्या प्रती काढायला काही डुप्लिकेटिंग यंत्रे आणि एक खोली पुरे होई. यामुळे ग्रामोफोन कंपनीची मक्तेदारी मोडली आणि लहान-मोठ्या अनेक कंपन्या उभ्या राहिल्या. गुलशनकुमार यांची सुपर कॅसेट्स, म्हणजे टी-सिरीज, त्यांतली सर्वांत मोठी ठरली. कमी किंमत, भक्तिगीतांवर भर आणि पानाच्या टपरीपासून किराणा दुकानापर्यंत कुठेही विक्री, हे तिचे धोरण प्रादेशिक भाषांतही चालले. १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत देशातल्या ध्वनिमुद्रित संगीताच्या बाजारात कॅसेटने तबकडीला जवळजवळ पूर्ण बाजूला सारले होते.

मराठी देवीगीतांसाठी या बदलाचा अर्थ मोठा होता. मुंबई-पुण्यातला मध्यमवर्ग हाच आता एकमेव गिऱ्हाईक राहिला नाही. तुळजापुरात महाद्वाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर कुंकू, हळद, बांगड्या, परड्या आणि कवड्यांच्या माळा विकणाऱ्या दुकानांत कॅसेटचे खण लागले. दर्शन झाल्यावर प्रसादाबरोबर एखादी कॅसेट घेणे हा यात्रेचा भाग झाला. दुकानात दिवसभर एकच गाणे वाजत राही आणि तेच त्याची जाहिरात करी. नवरात्राच्या आधी नव्या कॅसेट बाजारात आणायच्या, म्हणजे पावसाळ्यात मुद्रण उरकायचे, असे धंद्याचे वेळापत्रक यात्रेच्या पंचांगाने ठरू लागले.

या युगाचा सर्वांत मोठा आवाज प्रल्हाद शिंदे यांचा. १९३३मध्ये जन्मलेले आणि मूळचे शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याचे शिंदे कव्वालीच्या फडातून पुढे आले. त्यांनी विठ्ठलाची, अंबाबाईची आणि बाबासाहेब आंबेडकरांची गाणी सारख्याच ताकदीने गायली. टिपेला जाऊनही न फाटणारा आणि शब्द सुटा ठेवणारा त्यांचा गळा लाउडस्पीकरसाठी जणू घडवलेला होता. २००४मध्ये त्यांचे निधन झाले. आनंद आणि मिलिंद या मुलांनी कॅसेटच्या बाजारात स्वतंत्र नाव कमावले आणि नातू आदर्श शिंदे पुढे चित्रपटगीतांत गेला. शाहीर विठ्ठल उमप यांची वाट थोडी वेगळी. त्यांनी कव्वाली आणि भीमगीते गायलीच, शिवाय गोंधळ्यांच्या परंपरेतले ‘जांभूळ आख्यान’ नाट्यरूपात रंगमंचावर आणले. या गायकांपैकी अनेक जण गोंधळ्यांच्या घरातले नव्हते. वस्त्यांतल्या गायनपार्ट्या आणि कव्वालीचे मुकाबले ही त्यांची शाळा होती. त्यामुळे कॅसेटवरच्या देवीगीताला कव्वालीचा जोर, टाळ्यांचा ठेका आणि ओळ हातावर आपटून देण्याची लकब मिळाली.

एक अल्बम कसा बने

कॅसेटच्या एका अल्बममध्ये साधारण आठ गाणी असत, एका बाजूला चार. वेष्टनावर तुळजाभवानीचे चित्र, कोपऱ्यात गायकाचा फोटो, आत गीतकार, संगीतकार आणि गायक यांची नावे. चाल जुनी असेल तर ‘पारंपरिक’ एवढेच छापलेले असे. आराधिणींच्या तोंडी असलेल्या पदांना कोणी एक कर्ता नव्हता, त्यामुळे मानधनाचा प्रश्नही येत नसे. याच सोयीमुळे एकच पद दोन-चार कंपन्यांच्या कॅसेटवर किरकोळ फरकाने सापडते. दुसरा सोयीचा मार्ग हिंदी चित्रपटगीताची चाल उचलण्याचा होता. चाल लोकांना आधीच पाठ असल्याने गाणे पहिल्याच ऐकण्यात तोंडी बसे.

मुद्रणासाठी वेळ थोडा आणि पैसा त्याहून थोडा असे. गायक, कोरस आणि वादक एकत्र बसवून एका दिवसात अनेक गाणी उरकली जात. ढोलकी, ढोलक, हलगी आणि झांज यांच्या जोडीला बेंजो आला. वाद्यवृंदाची जागा कॅसिओने घेतली, सनईचा आणि बासरीचा आवाज त्याच्याच पट्ट्यांतून निघू लागला. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ऑक्टापॅड आला आणि हातातल्या काठ्यांनी वाजणाऱ्या आठ चौकटींतून संबळ, हलगी, ताशा असे हवे ते आवाज काढता येऊ लागले. गायकाच्या आवाजाला भरपूर ‘इको’ देण्याची पद्धत पडली. देवळाच्या गाभाऱ्यातल्या घुमाऱ्याचा आभास त्यातून होई आणि घाईच्या मुद्रणातले दोषही झाकले जात.

कॅसेटने एक गोष्ट परतही दिली. तीन मिनिटांच्या तबकडीने कापलेले आख्यान साठ मिनिटांच्या फितीवर पुन्हा मावू लागले. एका बाजूला सलग अर्धा तास मिळत असल्याने देवीची कथा, निवेदन, संवाद आणि मधली पदे असा कथागीतांचा प्रकार रुजला. गोंधळातल्या साथीदाराचे प्रश्न निवेदकाच्या तोंडी गेले, पण कथा सांगत-सांगत पदावर येण्याची जुनी रीत टिकली. ग्रामीण भागात दुपारच्या वेळी अशी कॅसेट लावून घरातली कामे करत ती पूर्ण ऐकली जाई.

श्रोत्याची पारख

चित्रपट किंवा पॉप गायकाच्या नव्या अल्बमवर जशी चाहत्यांची मते असतात, तशीच ती नवरात्राच्या नव्या कॅसेटवरही असत आणि आहेत. त्यांचे निकष मात्र या पट्ट्यातल्या ऐकण्याच्या सवयीतून आले आहेत.

पहिली कसोटी संबळाची. ज्याने रात्रभर गोंधळ ऐकला आहे त्याला पॅडवरचा संबळ लगेच कळतो. पॅडवर जिलेचा प्रत्येक ठोका सारखा पडतो. खऱ्या संबळात छडीचा जोर क्षणोक्षणी बदलतो आणि कडव्याच्या शेवटी वादक लय किंचित पुढे ओढतो. गाण्याच्या सुरुवातीला नुसता संबळ वाजवून मग बाकीची वाद्ये आणण्याची रीत अनेक अल्बमांत दिसते, तिचे कारण हेच. पहिल्या काही क्षणांत श्रोत्याची खात्री पटवावी लागते.

दुसरी कसोटी आवाजाची. देवीच्या गाण्याला मोकळा, चढा, थोडा खरखरीत गळा हवा अशी अपेक्षा असते. भावगीताच्या वळणाचा मऊ आवाज आरतीला आणि स्तोत्राला चालतो, जोगव्याला नाही. त्यामुळे सुगम संगीतातल्या नामवंत गायिकांचे देवीगीतांचे अल्बम शहरी घरांत गेले, तरी पोत पेटवायच्या वेळी लावले जाते ते फडातल्या गळ्याचे गाणे.

तिसरी कसोटी शब्दांची. कल्लोळ तीर्थ, गोमुख, परडी, कवड्यांची माळ, घटाची माळ असे तपशील गाण्यात असावेत आणि ते बरोबर असावेत. देवीच्या निद्रांचा क्रम, सीमोल्लंघनाची पालखी, पौर्णिमेची वारी हे भाविकाला ठाऊक असते. विधीचा चुकीचा उल्लेख त्याला खटकतो. उलट येडेश्वरीच्या गाण्यात येरमाळ्याच्या वाटेवरची एखादी खूण आली की ते गाणे त्या भागातले म्हणून उचलले जाते.

चौथा मुद्दा चालीचा, आणि त्यावर मतभेद कायम राहिले. चित्रपटगीताच्या चालीवर देवीचे गाणे बांधणे जुन्या गोंधळ्यांना आणि बऱ्याच भाविकांना आवडत नाही. दुसऱ्या बाजूला असे म्हणणारेही असतात की मेळ्यात नव्या मुलींना सामील करून घ्यायचे तर माहितीची चाल सोपी पडते. प्रत्यक्षात दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी विकले गेले. मात्र चित्रपटाचे मूळ गाणे मागे पडले की त्या चालीवरचे देवीगीतही बहुधा मागे पडे. पारंपरिक चालीची पदे त्या मानाने टिकली.

पडद्यावरून मोबाइलवर

२०००च्या आसपास व्हीसीडी आली आणि गाण्याला चित्र लागले. तुळजापूरचा परिसर, डोंगर, पायऱ्या आणि परडी घेतलेल्या बायका यांची दृश्ये गाण्याइतकीच महत्त्वाची ठरली. गायकाला आता दिसावेही लागे. त्याच दशकात मराठी चित्रपटसंगीतात लोकवाद्यांना पुन्हा मोठी जागा मिळाली. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांवर आधारलेला राजीव पाटील यांचा ‘जोगवा’ २००९मध्ये प्रदर्शित झाला. त्याची कथा यल्लमाच्या जोगत्यांची. त्याच्या संगीतासाठी अजय-अतुल यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तसेच पार्श्वगायनासाठी हरिहरन आणि श्रेया घोषाल यांनाही. संबळ, चौंडके आणि मोठा वाद्यवृंद एकत्र, तेही स्पष्ट आणि भरदार मुद्रणात ऐकू आल्यावर जत्रेच्या बाजारातल्या अल्बमकडूनही तशी अपेक्षा होऊ लागली. स्वस्त मुद्रणातला पॅडचा संबळ आता आणखी उघडा पडला.

कॅसेट आणि व्हीसीडी दोन्ही मोबाइलने संपवल्या. काही वर्षे गावोगावच्या मोबाइलच्या दुकानांत पैसे घेऊन मेमरी कार्डात गाणी भरून दिली जात. नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि तीही गरज उरली नाही. कंपन्यांच्या हाती असलेले वितरण सुटले. घरातल्या संगणकावर मुद्रण करून यूट्यूबवर गाणे टाकणे कोणालाही शक्य झाले आणि त्यामुळे जी गावे आणि जे मेळे कॅसेटच्या काळात कधीच मुद्रित झाले नव्हते त्यांची आराधी गाणी ऐकायला मिळू लागली. येडेश्वरीच्या गाण्यांचा प्रसार याच काळात जिल्ह्याबाहेर झाला. आराधिणींचे बसून गायलेले, साधे मोबाइलवर टिपलेले गाणेही लोक आवर्जून ऐकतात, कारण त्यात वाद्ये खरी असतात.

दुसऱ्या टोकाला डीजे मिश्रणे आहेत. जुन्या कॅसेटवरचा आवाज उचलून त्याखाली जड ठेका घालायचा आणि लय वाढवायची, ही पद्धत नवरात्राच्या मिरवणुकांत सर्रास झाली. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात लाउडस्पीकरवर निर्बंध आणले. नवरात्रासारख्या सणांना ठरावीक दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट दिली जाते. रात्रभर चालणाऱ्या गोंधळाला याची झळ दोन प्रकारे बसली. ध्वनिक्षेपकावर होणारे गोंधळ आटोपशीर झाले आणि चार-पाच तासांचे आख्यान तास-दीड तासावर आले. ज्या घरांत ध्वनिक्षेपकाशिवाय गोंधळ घातला जातो, तिथे मात्र जुना क्रम पाळणे शक्य राहिले.

गोंधळी समाजाच्या उपजीविकेवर या सगळ्याचा परिणाम संमिश्र झाला. कॅसेटने बांधीव गिऱ्हाइकी काही प्रमाणात कमी केली, कारण जागरणाला गाणे आता यंत्रातूनही मिळू लागले. पण लग्नानंतरचा गोंधळ हा कुळाचार आहे. त्याला चौक, दिवटी आणि आवतण लागते, आणि ते काम मुद्रित गाण्याने होत नाही. म्हणून गोंधळ्यांना बोलावणे थांबले नाही. त्यांच्यातले काही वादक स्टुडिओत संबळ वाजवण्यासाठी बोलावले जाऊ लागले आणि काहींनी स्वतःच्या वाहिन्या सुरू केल्या. आज धाराशिव जिल्ह्यात देवीचे गाणे तीन रूपांत नांदते: कुळाचारातला गोंधळ, मेळ्यातले आराधी पद आणि मोबाइलवरचा अल्बम. तिसऱ्या रूपाला चाली, शब्द आणि वादक पहिल्या दोघांकडूनच मिळतात.